सुया टोचणारा मेहुणा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं ते मेथी निवडायचं. उमरग्याच्या दवाखान्यात, मागच्या पायरीवर. आत खाटेवर माझी बायको तोंडाला बधिरीचं मलम थापून, वर प्लास्टिकचा कागद चिकटवून पडली होती. बाहेर तो कातडीचा डॉक्टर आणि मी मधे परात घेऊन बसलो होतो. मलम मुरायला पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात तो सोबत आलेल्या माणसाला भाजी निवडायला लावायचा. कधी मेथी, कधी वाटाणा, थंडीत तुरीच्या शेंगा. भाजी त्याच्या घरची.

"दाजी, देठ लई ठेवलेत. अक्का तुमाला असली भाजी खाऊ घालती व्हय?"

"ती काय घालती ते तुमाला काय करायचंय?" मी म्हणलं.

आतून बायको हसल्याचं ऐकू आलं. मलम लावल्यावर तोंड हलवायचं नसतं, म्हणून नुसतं हुं हुं. मी देठ मोडत बसलो. ते पाचवं सिटिंग होतं. सहावं राहिलं. महिना भरायच्या आत सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या तिच्या छातीत कळ आली आणि गाडी येईपर्यंत संपलं.

तिला जाऊन दहा दिवस झाले तेव्हा सुनेनं विचारलं, "मामा, तेराव्याला आत्यांचा फोटो ठेवावा लागंल. कुठला देऊ?" आम्ही पेट्या उघडल्या. लग्नातल्या फोटोत पदर नाकापर्यंत. पोराच्या लग्नातल्या अल्बममध्ये ती कुणाच्या तरी खांद्यामागं. आधार कार्डावरची बाई कोण आहे ते मलाच ओळखू आलं नाही. फोटोवाला दिसला की ती आत निघून जायची, कारण सातव्या वर्षी तिला देवी आल्या होत्या आणि दोन्ही गाल, कपाळ, नाक सगळं वणांनी भरलेलं होतं. तिचे धड फोटो जगात एकाच माणसाकडं होते. समोरून, डावीकडून, उजवीकडून, दर सिटिंगच्या आधी काढलेले, पाच वेळचे पंधरा. त्या माणसाकडं मला मागायला जायचं होतं, आणि तो माणूस मला कधी आवडला नाही.

लोक त्याला अहो-जाहो करतात. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे. मी इथं अरे-तुरेच करणार.

त्याच्या दवाखान्यात आरसा नाही. कातडीच्या डॉक्टरकडं आरसा नाही, हे ऐकून कुणाला पटणार नाही. लोखंडी कपाटाला चकाकी होती, तर त्याच्यावर त्यानं पेपर चिकटवला होता. मोबाईल बाहेर टोपलीत ठेवायचे. म्हणायचा, "निम्मा आजार आरशानं वाढतो. मी बघतो, तुमी बघू नका." दारावर मलमाच्या रिकाम्या ट्यूबांचं तोरण होतं. पोरीबाळी मेडिकलमधून गोरं व्हायचं मलम आणतात, चार महिने चोपडतात, मग तोंड जळल्यावर त्याच्याकडं येतात. तो ती ट्यूब काढून घ्यायचा, पिळून मोकळी करायचा आणि तारेत ओवायचा. कुणी म्हणलं, डॉक्टर, थोडं गोरं करा, तर उठून दार उघडायचा. "गोरं करायचं दुकान पुढच्या गल्लीत. तिथं पिठाची गिरणी हाय, आत जाऊन उभं राहा."

माणसं हसायची आणि परत यायची. मला हसू यायचं नाही.

आधी सून गेली होती त्याच्याकडं, वांग आले म्हणून. सोबतीला बायको. सुनेला त्यानं नुसतं मलम देऊन वाटेला लावलं आणि बायकोला विचारलं, "तुमचं काय?"

"माझं काय न्हाय. देवीचे हाईत."

"कितवं वरीस?"

"सातवं."

"मग एवढी वर्षं कुणी इचारलं न्हाय?"

घरी येऊन तिनं मला हे सांगितलं आणि म्हणाली, "मला करून घ्यायचंय."

मी म्हणलं, "ह्या वयात कुणाला दावायचंय?"

तिनं भाकरी तव्यावरून काढली, विस्तवाला लावली, फुगेपर्यंत बघत बसली. मग म्हणाली, "तुमी नुसतं सोबत चला. बाकीचं मला कळतंय."

पहिल्या दिवशी त्यानं मला समजावून सांगितलं. लेखणीएवढं यंत्र असतं. टोकाला केसाहून बारीक सुया. विजेवर घरघरतं आणि कातडीला भराभर टोचत जातं. रक्ताचे मोहरीएवढे थेंब उठतात, ते गार पाण्याच्या बोळ्यानं पुसायचे. दोन-तीन दिवस तोंड लाल राहतं, मग उतरतं. महिन्या-दीड महिन्यानं परत.

"ह्यानं खड्डे कसे भरतील?" मी विचारलं.

"अंगाला वाटतं, लागलं. मग अंग आपणहून भरायला धावतं. नवं भरता भरता जुनंबी थोडं भरतं. मी काय करत न्हाय दाजी, मी नुसतं अंगाला उठवतो. सगळं जाणार न्हाय. निम्मं गेलं तरी लई."

"आमी जलमभर काटे काढत आलो. तुमी घालायला बसलात."

त्यावर त्यानं बाही वर केली आणि यंत्र स्वतःच्या डाव्या हातावर चालवून दाखवलं. घाबरलेल्या प्रत्येक माणसापुढं तो हे करायचा, मग ती सुई फेकून नवी लावायचा. इतक्या वर्षांत त्याचा डावा हात लहान लेकरासारखा मऊ झाला होता आणि उजवा आमच्यासारखाच खरबरीत. बायकोनं त्याचे दोन्ही हात धरून शेजारी शेजारी बघितले आणि मोठ्यानं हसली. मी तिथंच उभा होतो. परक्या माणसाचे हात हातात घेऊन ती हसतेय हे मी पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

तेव्हाच त्यानं तिला अक्का केलं आणि मला दाजी. म्हणजे तो माझा मेहुणा झाला. नात्यानंच माझं तोंड बांधून टाकलं. बायकोच्या भावावर जळायची सोय कुठं असते?

पण मी जळायचो. त्याचा डावा हात तिच्या हनुवटीखाली असायचा. दोन बोटांनी गाल ताणायचा, उजव्या हातानं यंत्र फिरवायचा, आणि इतक्या जवळून बघायचा की त्याचा श्वास तिच्या तोंडावर पडत असेल. मी तिच्या तोंडाला असा कधी हात लावला नाही. आमच्याकडं लावत नाहीत. उजेडात बायकोचं तोंड धरून बघत बसणं हे नवऱ्याचं काम आहे असं मला कुणी सांगितलंच नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्या तोंडाकडं बघायचं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा मित्र चिडवायचे, मीही त्यांच्यात हसायचो. ते तिला ठाऊक होतं.

दुसरं म्हणजे कानडी. बायकोचं माहेर सीमेपलीकडं, आळंदकडचं. लग्न होऊन आली तेव्हा झोपेतसुद्धा कानडी बोलायची. माझी आई म्हणाली, घरात असलं चालायचं नाही, आम्हाला शिव्या देतीस का काय कळत नाही. मी गप्प बसलो. तिनं बंद केलं. त्यानंतर गाईला हाकारताना एखादा शब्द निघायचा तेवढाच. आणि हा डॉक्टरही तिकडचाच निघाला. यंत्र घरघरायला लागलं की दोघांची कानडी सुरू.

"साका?" तो विचारायचा.

"इन्ना स्वल्प," ती म्हणायची.

बस का, अजून थोडं, एवढं सीमेवरच्या माणसाला कळतं. पुढचं मला काही कळायचं नाही. ती मधेच हात हवेत नाचवायची, तो यंत्र बाजूला धरून हसायचा, डोळे पुसायचा. मी विचारलं, "काय बोलत होता एवढं?" तर बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणायची, "काय न्हाय, आपलं असंच."

आता त्याची आणखी एक तऱ्हा सांगतो, कारण त्यावरच सगळं घडलं. घरी काय पाळायचं ते तो पेशंटला सांगायचा नाही. सोबत आलेल्याला सांगायचा, भाजी निवडता निवडता, आणि पाठ म्हणून घ्यायचा. म्हणायचा, "पेशंट बिचारं हो म्हणून घरी जातं. घरी कुणीतरी हळद घेऊन उभंच असतं. म्हणून घरच्यालाच बांधायचं." मला दर वेळी शाळेतल्यासारखं म्हणावं लागायचं. आठ दिवस ऊन नाही, तेल नाही, साबण नाही, हळद नाही, दोन दिवस चुलीपुढं बसणं नाही. चौथीपर्यंत शिकलो, तेव्हा मास्तरानंही माझ्याकडून इतकं पाठ करून घेतलं नव्हतं.

तिसऱ्या सिटिंगच्या दुसऱ्या दिवशी आमच्या खंडोबाची जत्रा होती. त्याला ते ठाऊक होतं. त्यानं मला वेगळं बजावलं, "दाजी, भंडारासुद्धा न्हाय. देवाला लांबून हात जोडा. तोंडावरची भोकं अजून उघडी असतात." मी पाठ म्हणून दाखवलं, भंडारासुद्धा नाही.

सकाळी ती लाल तोंडानं तयार झाली. दारात उभी राहून म्हणाली, "अवं, भंडारा चालंल का? डाक्टर काय म्हणला?"

"इचारलंय. देवाचा चालतो म्हणला."

एवढंच बोललो. त्याआधी मनात काही ठरवलं नव्हतं. पण देवळापुढं गर्दीत सगळे एकमेकांना भंडारा लावत होते, आणि मी मूठ भरून घेतली आणि तिच्या दोन्ही गालांना लावली. चांगली दाबून. कपाळाला, हनुवटीला. तिनं डोळे मिटून घेतले. तिचं तोंड माझ्या दोन्ही हातांत होतं आणि तापलेलं होतं. मला वाटलं, आता हे माझं झालं.

संध्याकाळी आग सुरू झाली. सकाळी तोंड सुजून डोळे बारीक झाले. गालांवर बारीक पुरळ आलं, आणि सूज उतरल्यावर पिवळट काळे डाग राहिले. मी तिला घेऊन उमरग्याला गेलो. तिनं खुर्चीत बसल्या बसल्या त्याला विचारलं, "तुमीच म्हणलात न्हवं, देवाचा भंडारा चालतो?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी दारावरच्या ट्यूबांकडं बघितलं.

"व्हय अक्का," तो म्हणाला. "मीच म्हणलो. माझी चूक झाली."

दोन महिने सुई बंद ठेवली. रोज लावायचं औषध दिलं. डाग फिके व्हायला तेवढे दिवस लागले. त्या दिवशी परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "चूक झाली म्हणून तोंडावर कबूल करणारा माणूस म्या पहिल्यांदा बघितला." आणि माझ्याकडं बघत राहिली. गाव येईपर्यंत.

तिला कळलं होतं का, ते मला आजही ठाऊक नाही. मी सांगणार होतो. सहाव्या वेळी सांगू, सगळं संपल्यावर, असं म्हणत राहिलो.

तर मी फोटोसाठी गेलो. अकराव्या दिवशी, दुपारच्या गाडीनं. दवाखान्यात पेशंट नव्हतं. त्यानं मला बघितलं, खुर्ची दिली. ती गेल्याचं त्याला सुनेनं फोनवर कळवलं होतं. मग मी म्हणलं, "तेराव्याला फोटो पाहिजे. तुमच्याकडं हाईत."

"हाईत. पण देता येत न्हाईत."

"का?"

"अक्कानं सांगून ठेवलंय. सगळं संपल्याबिगर ह्यांना दावायचं न्हाय. पहिल्याच दिवशी सांगितलं, कागदावर सही केली."

"ती गेली आता."

"म्हणूनच. आता तिला इचारता येत न्हाय."

मी उभा राहिलो. "माझी बायको हाय ती!"

"आन तोंड तिचं हाय, दाजी."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली असती. पण हात उचलायच्या ऐवजी तोंडातून दुसरंच निघालं. "तो भंडारा मी मुद्दाम लावला. इसरलो न्हवतो."

त्यानं चष्मा काढला. "मला वाटलं, जत्रेच्या घाईत तुमाला आठवलं न्हाय."

"आठवत होतं. तुमी पाठ करून घेतलं होतं की."

"मग?"

"तुमचा हात तिच्या तोंडावर बघवंना मला."

त्यानं चष्मा पुसून परत लावला. मीच विचारलं, "त्या दिवशी माझं नाव का घेतलं न्हाय?"

"घेतलं असतं तर तुमी तिला परत आणलं असतं का?" तो चिडून म्हणाला. त्याला चिडलेलं मी पहिल्यांदा बघितलं. "एकटी बसनं आली असती ती? मला तिचे दोन गाल पुरे करायचे होते. तुमच्यावर उपकार करायला मी बसलो न्हवतो."

हे ऐकून मला बरं वाटलं. उपकार केला असता तर मला तो जन्मभर सोसला नसता.

मी परत बसलो. म्हणलं, "एवढं तरी सांगा, कानडीत काय बोलायची?"

"तुमची नक्कल करायची."

"माझी?"

"बस आली की तुमी कसं वरडता, जेवताना कसं मचमच करता, कंडक्टरसंगं कसं भांडता. इथं झोपल्या झोपल्या हात नाचवून करून दावायची. मला यंत्र बाजूला धरावं लागायचं."

खरं असेल. नसेलही. दोघांची कानडी, त्यातली एक आता सांगायला नाही, दुसऱ्याला माझी दया आली असेल. मी विश्वास ठेवला असं म्हणणार नाही.

मग तो उठला आणि कपाटातून तिचा कागद काढला. पाच सिटिंगांच्या पाच ओळी भरलेल्या होत्या. त्यानं पेन घेतलं, सहाव्या ओळीत आजची तारीख लिहिली, पुढं 'झालं' असं लिहिलं आणि खाली सही केली. कागद मला दाखवला.

"संपलं," तो म्हणाला. "आता दावायला हरकत न्हाय."

असला माणूस. मेलेल्या बाईला दिलेला शब्द पाळायला त्यानं कागदावर खोटं लिहिलं. त्यानं कॉम्प्युटर सुरू केला, माझ्याकडं वळवला, कसं पुढं सरकवायचं ते दाखवलं आणि बाहेर निघून गेला. दार ओढून घेतलं.

मी एकेक बघितला. पहिल्यात डोळे गच्च मिटलेले, बोकड कापायला आणल्यासारखे. दुसऱ्यात जरा सैल. चौथ्यात गालावर दोन्हीकडं बोटांचे फिके पिवळट डाग, चार एकीकडं, चार दुसरीकडं, मोजता येतील असे. तिथं मी थांबलो. पाचव्यात वण होते, पण बुजत आलेले, कडा मऊ झालेल्या. समोरून काढलेल्या फोटोत ती कॅमेऱ्याकडं बघून हसत होती. तिचा वरचा एक दात वाकडा आहे हे मी विसरलो होतो. ती त्याच्याकडं बघून हसत होती, माझ्याकडं नाही. यंत्राच्या पलीकडं तो होता. तिचं असं हसणं मला एकच मिळालं, तेही दुसऱ्याला दिलेलं. पण दुसरा फोटोच नव्हता. मी दार उघडून म्हणलं, "हा द्या." त्यानं सुनेच्या मोबाईलवर पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी सुनेचा मोबाईल घेऊन परत उमरग्याला गेलो, फोटो स्टुडिओत. फ्रेम मोठी सांगितली. स्टुडिओवाल्या पोरानं फोटो कॉम्प्युटरवर घेतला, मोठा केला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, "मामा, तोंडावरचे हे खड्डे काढून टाकतो. एका मिनिटाचं काम हाय, सगळेच काढून घेतात." बोलता बोलता त्यानं डाव्या गालावरून माऊस फिरवलासुद्धा. गाल मेणासारखा गुळगुळीत झाला. कुणाची तरी दुसऱ्याची बायको झाली.

"हात काढ," मी म्हणलं.

"अवं मामा, चांगलं दिसंल."

"त्या तोंडाला एकाला हात लावू दिला, तेवढं बस झालं. होतं तसं कर."

त्यानं परत होतं तसं केलं. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो, चष्मा लावला, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत एकेक वण बघून घेतला, सगळे परत आलेत का.